बुधवारवाली

ट्रॉलीवाला वळणापर्यंतच यायचा. पहिल्या मजल्यावरचा लांब व्हरांडा जिथे डावीकडे वळतो तिथे तो ट्रॉली भिंतीला लावायचा, चाकाची खीळ पायानं दाबायचा आणि ट्रॉलीवरच्या बाईला सांगायचा, "आता सिस्टर येतील." पुढे जायला त्याचं मन मानत नव्हतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी ह्याची वळणापर्यंत. वळणापलीकडे एकच मोठी खोली होती आणि बुधवारी त्या खोलीत गर्भपात होत. कायद्याला धरून, वेळेत, स्वच्छ. बाकीच्या दिवशी तिथेच टाके घातले जात, गळवं कापली जात, आणि तेव्हा हाच गडी शीळ घालत ट्रॉली थेट आत नेऊन लावायचा.

त्या हॉस्पिटलात नियम असा होता, की ज्याला बुधवारचं काम पटत नसेल त्यानं मेट्रनबाईंच्या खोलीत जायचं, उभं राहायचं आणि म्हणायचं, "माझं मन मानत नाही." एवढंच. का, ते कुणी विचारायचं नाही. मेट्रनबाईंनी मान डोलावली, की त्या माणसाचा बुधवार सुटला. नियम वाईट नव्हता. ज्यानं केला त्यानं दोन्हीकडच्या माणसांचा विचार केला असणार. फक्त माणसं कशी असतात ह्याचा विचार करायचा राहून गेला.

आधी ज्यांना खरोखर पटत नव्हतं त्या गेल्या. मग एकीची सासू ऐकेना म्हणून ती गेली. एकीच्या मुलाचा पोहायचा क्लास नेमका बुधवारी होता, तिचंही मन मानेनासं झालं. मग हे लोण खोलीबाहेर पसरलं. चादरीवाला चादरी दारातच ठेवून जाऊ लागला. स्वयंपाकघरातून चहा येईना. झाडूवाली म्हणाली, सगळ्यांना मन आहे आणि मलाच काय नाही? तिचं तरी काय चुकलं.

राहिली एक. हॉस्पिटलात तिला पाठीमागे सगळे बुधवारवाली म्हणत, तोंडावर सिस्टर. घरी ती थोरली जाऊ होती, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू.

बुधवारी थोरली पहाटेच यायची. चादरी घालायची, औजारं उकळून मांडायची, वळणावरून ट्रॉली ओढून आत आणायची. डॉक्टरच्या हातात हवं ते हवं तेव्हा द्यायची आणि दुसरा हात बाईच्या हातात ठेवायची. नंतर त्या बाईला शेजारच्या विश्रांतीच्या खोलीत निजवायचं, रक्त किती जातंय पाहायचं, चहा करायचा, फरशी पुसायची, पुढची ट्रॉली आणायला वळणावर जायचं. डॉक्टर बाहेरगावचा, सकाळच्या गाडीनं यायचा, संध्याकाळच्या गाडीनं पुढच्या गावी जायचा. बोलायचा कमी. एकदा म्हणाला होता, "सिस्टर, तुम्ही नसतात तर इथला बुधवार केव्हाच बंद झाला असता." त्याला वाटलं आपण कौतुक केलं. थोरलीला बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं.

गुडघे कुरकुरत होते, मनगट सुजत होतं, पण ते काही खरं कारण नव्हतं. दुखतं कुणाला नाही? कारण निराळंच घडलं. एका बुधवारी एक मुलगी टेबलावर होती, शिक्षण नुकतंच संपलेली. थोरलीनं तिचा हात धरला आणि नेहमीचं म्हटलं, की डोळे मिटून घे, श्वास सोड, झालंच आता, तू काही एकटी नाहीस. मुलीनं डोळे मिटले नाहीत. वर बघत तिनं विचारलं, "हे तुम्ही सगळ्यांना म्हणता ना?"

चिडून नाही, टोमणा मारूनही नाही. नुसतं विचारलं. आणि थोरलीच्या लक्षात आलं, की आत्ता आपण काय म्हणालो ते आपल्याला ऐकूच आलं नव्हतं. तोंड बोललं होतं, आपण तिथे नव्हतो. तिला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. हात थकले तर माणूस शेक घेतो. माया थकली तर काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनबाईंकडे गेली आणि म्हणाली, मला बुधवारमधून मोकळं करा, मी दमले. मेट्रनबाईंनी उठून दार लावलं. त्या मनानं वाईट नव्हत्या, त्यांचीही नोकरीच होती. त्यांनी समजावून सांगितलं, की दमणं हे कारण नियमात बसत नाही. दमलेल्याला रजा मिळते, ती घे, पण परत आलीस की बुधवार तुझाच. कायमचं सुटायचं तर वाट एकच.

"म्हणून टाक की," त्या म्हणाल्या. "इतक्या जणींनी म्हटलं. मी काय कुणाच्या छातीला नळी लावून बघते?"

"आणि मग बुधवारी कोण?"

मेट्रनबाईंनी खिडकीकडे पाहिलं. कुणी नाही, हे दोघींनाही माहीत होतं. बायकांना मग दूरच्या मोठ्या शहरात जावं लागेल. ज्यांना जमेल त्या जातील. ज्यांना जमणार नाही त्यांचं काय होतं ते थोरलीनं तरुणपणी, हा कायदा येण्यापूर्वी, पाहिलेलं होतं. "सोमवारी ये," मेट्रनबाई म्हणाल्या. "विचार कर आणि सोमवारी येऊन सांग."

घरी दोन जावांची चूल एक होती. सासूबाई होत्या तेव्हापासूनची आणि त्यांच्या धाकानं टिकलेली, पुढे सवयीनं. धाकटी जाऊही त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. मेट्रनबाईंपुढे ते वाक्य म्हणणाऱ्या पहिल्या काही जणींत ती होती, आणि तिनं ते खरं म्हटलं होतं. लोकांना मजा वाटायची, एका घरात दोन पक्ष. पण घरात कधी भांडण झालं नव्हतं. बुधवारी संध्याकाळचा स्वयंपाक धाकटी करायची, पाळी थोरलीची असली तरी. "आज तुम्ही दमला असाल," म्हणायची. कशानं, ते दोघीही म्हणायच्या नाहीत. असा त्यांचा तह होता.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता थोरलीनं तिला सांगितलं. बाहेरच्या खोलीत थोरलीचा नवरा रेडिओला कान लावून बसला होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणजे सोयीचं तेवढंच यायचं. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. थोरलीला वाटलं होतं ही सुखावेल. निदान सुस्कारा तरी सोडेल. धाकटीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"ते वाक्य तुम्ही म्हणणार?"

"दुसरं आहे कुठलं?"

"पण तुमचं मन मानतं ना, जाऊबाई?"

थोरलीनं एक देठ खुडलं. मग म्हणाली, मानतं की नाही हे रोज उठून विचारायला सवड कुणाला आहे.

"मानतं," धाकटी म्हणाली. "मला माहितीये. आणि माझं मानत नाही. ते वाक्य म्हणायला गेले तेव्हा एकदा दारातूनच परत फिरले होते. तुमच्यापासून तुटेन अशी भीती होती. तरी गेले, कारण ते खरं होतं. आणि आता तुम्ही ते रजेच्या अर्जासारखं वापरणार. त्या पोहायच्या क्लासवालीसारखं."

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. थोरलीनं देठं गोळा केली, उगाच पुन्हा पसरली. मग इतक्या वर्षांचा तह मोडून तिनं विचारलं, "तुला खरंच काय वाटतं गं? मी तिथे काय करते असं वाटतं?"

धाकटीला मूल नव्हतं. राहिलं होतं, पुन्हा पुन्हा राहिलं होतं आणि दर वेळी गेलं होतं. दर वेळी उशाशी थोरली बसली होती. तिला हे सांगायची गरज नव्हती, तरी धाकटी आज बोलली. सावकाश, एकेक शब्द निवडत.

"माझी गेली ती मी मुलंच धरते. लोक म्हणायचे, अजून काय होतं त्यात, पुन्हा राहील. मला त्यांची जीभ ओढावीशी वाटायची. आता तुमच्या खोलीत जे जातं ते काहीच नाही असं मी म्हटलं, तर मग मी कुणासाठी रडले? सांगा ना. माझी ती मुलं होती आणि त्या बायकांची नाहीत, असं कसं?"

"तुला ती हवी होती."

"हवं म्हटल्यानं माणूस होतं का? मग नको म्हटलेली कितीतरी माणसं हिंडताहेत."

दोघींनीही न ठरवता बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. सासूबाई हयातभर ऐकवत आल्या होत्या, की हा थोरला चुकून राहिला, मला तेव्हा नकोच होता. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं आणि तो नको असलेला माणूस मान डोलवत होता, हवामानाला. धाकटीला आधी हसू फुटलं. मग थोरलीलाही. हसता हसता थोरलीला पदर डोळ्यांना लावावा लागला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

"मी काहीच नाही असं कधी म्हटलं नाही," ती शेवटी म्हणाली. "काहीतरी असतंच. मी दर वेळी बघते, मला नाही कळणार? पण त्या टेबलावर येते ती बाई वळणापर्यंत येताना स्वतःशी सगळं भांडून आलेली असते. तू जे म्हणतेस तेसुद्धा. मी तिच्याशी आणखी भांडायला कोण? ती आहे. समोर आहे. तिचा हात थंडगार असतो. मला एवढंच दिसतं, त्यापलीकडचं बघायला गेले तर हात सुटतो."

धाकटी उठली. भाजी फोडणीला टाकली. जेवताना एवढंच म्हणाली, की तुम्ही ते वाक्य म्हणालात तर मी तुमच्याशी भांडणार नाही, पण मला वाईट वाटेल. का, ते मलाच नीट कळत नाही. तुम्ही बुधवार सोडावा असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. पण असं नाही.

सोमवारी थोरली मेट्रनबाईंसमोर उभी राहिली. बाईंनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे त्या ऐकायला तयार होत्या. पाच अक्षरं असती तरी जड, हे तर अख्खं वाक्य. 'माझं मन' इथपर्यंत ओठ हलले. पुढचं येईना. आयुष्यात ती खोटं बोलली नव्हती असं नाही. संसार केला होता तिनं. पण हे खोटं ज्यांच्याबद्दल होतं त्या सगळ्या टेबलावरून वर बघत होत्या.

"पडदे फाटलेत," ती म्हणाली. "विश्रांतीच्या खोलीतले. बाहेरून दिसतं."

"बघते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि चष्मा चढवला.

त्या बुधवारी पहिली आली ती केस कापणारी होती. बाजारात तिचं स्वतःचं छोटंसं दुकान होतं. घरी दोन मुलं, नवरा खाली बाकावर बसलेला. ट्रॉली ओढत असताना ती खालून थोरलीचं डोकं निरखत होती. म्हणाली, "सिस्टर, केस कुणी कापले हो तुमचे? कात्रीनं की विळीनं?" थोरलीनंच कापले होते, न्हाणीघरातल्या आरशात बघून. आत गेल्यावर मात्र बाईची वाचा बसली. थोरलीनं तिचा हात धरला. तोंडाशी आलेलं नेहमीचं वाक्य तिनं गिळलं, आणि त्याच्या जागी ठेवायला तिच्याकडे दुसरं नव्हतं, म्हणून ती नुसती हात धरून राहिली.

सगळं नीट झालं. तिला विश्रांतीच्या खोलीत निजवून, उशाची घंटा दाखवून थोरली दुसरी ट्रॉली आणायला गेली.

दुसरीचं काम अर्ध्यावर असताना भिंतीपलीकडे घंटा वाजली. अशा वेळी थोरलीला हलता येत नाही. डॉक्टरलाही नाही. घंटा व्हरांड्यातल्या सिस्टरांच्या टेबलावरही वाजते, कुणीतरी जाईल. कुणी गेलं नाही. पुन्हा वाजली, लांब, मग तुटक. थोरलीच्या हातात औजार होतं आणि कान भिंतीला. डॉक्टरनं मास्कवरून तिच्याकडे पाहिलं. दोघांचेही हात अडकलेले. मग घंटा थांबली, आणि ते वाजण्याहून वाईट होतं.

बाहेर टेबलाशी दोघी सिस्टर पट्ट्या गुंडाळत गप्पा मारत होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. बुधवारी ती घंटा त्यांना ऐकूच येत नसे. घड्याळाची टिकटिक कुठे ऐकू येते? नियमात घंटेबद्दल काहीही नव्हतं. चहाबद्दल नव्हतं, चादरींबद्दल नव्हतं. पण मन मानत नाही म्हणता म्हणता कानही मानेनासे झाले होते, सगळ्या मजल्याचे. धाकटी तेव्हा सुया घ्यायला टेबलाशी आली होती.

"घंटा वाजतेय," ती म्हणाली.

"बुधवार आहे ना, ताई," एक म्हणाली, जणू पाऊस पडतोय ना, म्हणावं तसं.

धाकटीही सुया घेऊन वळली. इतकी वर्षं ती अशीच वळत आली होती. चार पावलं गेली असेल. मग घंटा थांबली, आणि बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला घंटा मधेच थांबते ह्याचा अर्थ माहीत असतो. तिनं सुया तिथेच टाकल्या. वळणापर्यंत भरभर गेली, वळणावर कचरली, आणि गेली.

केस कापणारी उठून बसायला गेली होती आणि कॉटवरून अर्धी खाली लोंबत होती, पांढरीफटक. धाकटीनं तिला वर ओढलं, पाय उशीवर उंच केले, नाडी धरली, चादर उचलून पाहिलं. रक्त होतं तेवढंच होतं, जास्त नाही. घेरीच होती. ओला फडका कपाळावर ठेवून ती बसून राहिली. रंग परत येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. हात थंडगार होता.

थोरली काम संपवून जवळजवळ धावतच आली, आणि दारातच थांबली. आत केस कापणारी डोळे उघडून धाकटीला विचारत होती.

"मी पाप केलं का हो?"

थोरलीला वाटलं मधे पडावं. ह्या प्रश्नाचं एक उत्तर तिच्याकडे होतं, गुळगुळीत झालेलं. धाकटीनं फडका पुन्हा पिळला.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पाणी प्या."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग पाणी प्यायली. "बरं झालं," म्हणाली, "घरचे सगळे आज नुसते गोड बोलताहेत. गोड बोललं की वाटतं, आपलं काहीतरी फार वाईट झालंय." थोड्या वेळानं म्हणाली, "मी सारखा विचार करते. दुकानातही करत होते. करून करून मग आले." धाकटी म्हणाली, "हो, आलात तेव्हा करूनच आला असाल." आणि तिची चादर नीट केली. आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता. दारातल्या थोरलीला तो आवाज ओळखीचा वाटला. पुष्कळ वर्षांपूर्वी, पहिल्या बुधवारांना, तो तिचा स्वतःचा असायचा.

संध्याकाळी दोघी एकाच बसमध्ये बसल्या. बुधवारी सहसा धाकटी आधीची पकडायची, स्वयंपाकासाठी. आज चुकली होती किंवा चुकवली होती. मधे तिनं टेबलाशी जाऊन त्या दोघी सिस्टरांना काही सुनावलं होतं, आणि मेट्रनबाईंकडेही जाऊन आली होती. काय सांगितलं ते तिनं बस सुटल्यावर सांगितलं.

"आतलं मी करणार नाही. कधीच नाही."

"मी म्हटलं का तसं?"

"बाहेरचं बघेन. निजवणं, रक्त बघणं, घंटा. मेट्रनबाईंना विचारलं, ह्याला मी कधी नाही म्हटलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही, पण कुणी कधी विचारलंही नाही." ती जरा थांबली. "मला रात्रभर आता झोप नाही लागायची. पुढच्या बुधवारी जमेल की नाही माहीत नाही. आणि माझं मत बदललेलं नाही हे नीट ध्यानात ठेवा."

थोरलीनं मान हलवली. तिला सांगायचं होतं, की निम्मं तर निम्मं, माझ्या पाठीवरनं कुणीतरी हात फिरवला. पण तोंड उघडायचीही ताकद नव्हती. तिनं डोकं खिडकीला टेकलं. काच थरथरत होती, बरं वाटत होतं.

धाकटीची मात्र जीभ मोकळी झाली होती. इतक्या वर्षांचा तह मोडलाच होता, तर आता तिला सगळंच बोलायचं होतं. ती म्हणाली, ती बाई चांगली होती, मला आवडली, म्हणून का ते मूल नव्हतं असं होतं? मग तीच म्हणाली, "तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीये. तुम्ही म्हणाल, की घरी दोन आहेत ती कुणाची? त्यांची आई आहे ती. तिला विचारायचं नाही तर कुणाला?" आणि मग त्यावर स्वतःचं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरावर पुन्हा थोरलीचं. जागोजागी थोरलीपेक्षा बरं मांडत होती. पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं, तिला वाटलं असेल तितकं हळू ती बोलत नव्हती. तिला पर्वा नव्हती. एकटीच दोन्हीकडून भांडत होती, एकदा इकडून एकदा तिकडून, आणि थोरली डोळे मिटून आपली बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती.

एका जागी धाकटीनं थोरलीची बाजू अगदीच कच्ची मांडली. थोरलीनं डोळे उघडले. असं नाही म्हणत मी, असं तिला म्हणायचं होतं. मग ती म्हणाली, "पुढचा स्टॉप आपला," आणि पिशवी धाकटीच्या हातात दिली.